पांढरी, काळी आणि प्लॉट : धुळे-जळगावच्या वेशीचा इतिहास

खानदेशातल्या गावाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या दोन भागांत ओळखली जात असे. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या खोऱ्यांत पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. तिथे पुराचे पाणी सहसा चढत नसे आणि तिथली माती पिकालाही फारशी उपयोगाची नसे. मातीच्या भिंतींची धाब्याची घरे एकमेकांना खेटून उभी असत आणि धाब्यावर खाऱ्या मातीचा थर दिलेला असे. भोवती गावकूस, वेशीला दरवाजा आणि पलीकडे शिवार. शेतकऱ्याचे शेत कोस-दीड कोसावर असले तरी रात्री तो गावात परतत असे. शेतात राहायचा तो जागल्या किंवा हंगामापुरता राखणदार.

ही सीमा सरकारी नकाशावर आखलेली नव्हती, तरी ती टिकली. तिच्यामागे भीती होती आणि हिशेबही होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पेंढारी, अरबांच्या टोळ्या आणि आपसांत लढणारे सरदार यांनी खानदेश होरपळून काढला होता. कुसाबाहेर एकटे घर बांधणे म्हणजे लुटीला आमंत्रण. हिशेब मातीचा आणि पाण्याचा होता. सोन्यासारखी काळी जमीन घराच्या पायाखाली घालणे हा शेतकऱ्याला वेडेपणा वाटे, कारण त्याची पत, मुलांची लग्ने आणि दुष्काळातला आधार हे सगळे तिच्यावरच उभे होते.

पांझरेच्या काठी या हिशेबाला एका जुन्या व्यवस्थेची जोड होती. फड पद्धत ती हीच. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून काठाकाठाने पाट काढायचा आणि पाटाखालची जमीन, म्हणजे थळ, तीन-चार फडांत वाटायची. एका फडात एका हंगामात एकच पीक : एकात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू किंवा ज्वारी. पुढच्या वर्षी पिकांची पाळी बदलायची. पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरत जाई. पाट साफ करायला सगळे खातेदार एकत्र येत, आणि पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या अशी गावाने नेमलेली माणसे असत. अशा थळात एखाद्याने आपला तुकडा वेगळा काढून त्यावर घर बांधायचे म्हटले तर ते व्यवहारात जमण्यासारखे नव्हते. पाण्याची वाट अडली की खालच्या सगळ्यांचे पीक जाणार. जमिनीची मालकी एकेकट्याची होती, तिचा वापर मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलेला असे. शहराच्या वाढीला मर्यादा घालण्याची कल्पना पुढे विसाव्या शतकात नियोजनकारांनी मांडली. पांझराकाठच्या शेतकऱ्यांना ती पाटाच्या पाण्यामुळे आधीपासून अंगवळणी पडलेली होती.

धुळे शहराची पहिली मर्यादाही पाटानेच घातली. लळिंग किल्ल्याच्या छायेतले हे छोटे गाव १८०३ मधील होळकरांच्या स्वारीने आणि त्यापाठोपाठच्या दुष्काळाने ओस पडले. पुढच्या वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली आणि सोनगीर व लळिंग भागाचा कारभार ते धुळ्यातून पाहू लागले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. त्या वेळचे वर्णन असे, की धुळे हे बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्या मध्ये कोंडलेले लहानसे गाव होते. १८१९ मध्ये तिथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती.

ओस पडलेल्या मुलखात वस्ती ही संपत्ती असते. म्हणून त्या काळी शहराची वाढ रोखावी असे कुणाच्या मनातही आले नाही. ब्रिग्जने १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली, लांबून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधायला रहिवाशांना व नव्याने येणाऱ्यांना आगाऊ रकमाही दिल्या. जुन्या धुळ्याशेजारी नवे धुळे उभे राहिले. आज आग्रा रोडच्या आसपास क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या पाहिल्या की आखीव शहराची ती हौस दिसते. धुळेकरांना आपल्या या गल्ल्यांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १८७२ पर्यंत लोकसंख्या १२,४८९ झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात पांझरेला मोठा पूर आला आणि नदीकाठच्या घरांची फार हानी झाली. नदीच्या अगदी काठाशी वस्ती नेली की काय होते याचा तो धडा होता. तो पुढे अनेकदा विसरला गेला.

नगरपालिका धुळ्यात १८६२ मध्ये आणि जळगावात १८६४ मध्ये आली. तिच्यासोबत गावाची हद्द पहिल्यांदा कर आकारण्याची रेघ झाली. रेघेच्या आत घरपट्टी, दिवाबत्ती आणि गटार. बाहेर फक्त शेतसारा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने त्यात आणखी एक गोष्ट घातली. शेतीची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर कलेक्टरची परवानगी घ्यावी लागेल, असे त्याच्या ६५ व्या कलमाने ठरवले. आज ज्याला सगळा महाराष्ट्र ‘एन.ए.’ म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. त्या तरतुदीचा मुख्य हेतू महसुलाचा होता. शेतीपेक्षा घराच्या जमिनीवर जास्त आकार बसवता यावा, हे सरकारला हवे होते. काळी जमीन वाचवणे हा त्यामागचा विचार नव्हता. लोकांनीही ती तशीच ओळखली, म्हणजे पैसे भरून ओलांडायची पायरी म्हणून. शेती न मोडण्याचा गावाचा संकेत आणि शेती मोडण्याचा सरकारी परवाना या दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पहिली मागे पडत गेली आणि दुसरी वाढत गेली.

जळगावची वाढ वेगळ्या वाटेने झाली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात पोचली आणि त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव मोठी कापूसपेठ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा शहराला जबर फटकाही बसला, पण स्टेशन, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि व्यापारी राहिले. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाची पोलन पेठ, नवी पेठ, बळीराम पेठ अशा पेठा जुन्या जळगावच्या बाहेर वसत गेल्या. स्टेशनजवळ खानदेश मिल उभी राहिली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे बनले. कचेऱ्यांच्या बाजूला जिल्हा पेठ वाढली. तरीही शहरे लहानच होती; १९०१ च्या जनगणनेत जळगावात १६,२५९ आणि धुळ्यात २४,७२६ माणसे होती. दोन्ही ठिकाणी वेस ओलांडून चालत गेले की थोड्याच वेळात शेत लागत असे.

या जळगावचे सगळ्यात जिवंत चित्र बहिणाबाई चौधरींच्या कवितेमागे आहे. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, शेजारच्या आसोद्याचा, सासर जळगावचे. भर शहरातल्या वाड्यात राहून रोज शेतावर जाणारे असे ते कुटुंब होते. जुन्या जळगावात अशी घरे पुष्कळ होती. अंगणात बैलजोडी, ओट्यावर कापसाचे गाठोडे आणि शेत शहराच्या हद्दीलगतच्या शिवारात. त्या काळचा जळगावकर एकाच वेळी शहरी आणि शेतकरी होता. शहर आणि शिवार हे एकमेकांच्या विरोधात आहेत असे त्याला वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे शेत आणि घर वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात गेले, तेव्हा हद्दीबद्दलची मतेही फाटली.

गावकुसाचा धाक मोडायला प्लेगचाही हातभार लागला. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेग पसरला. साथ आली की गावे रिकामी होत आणि माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. दाट वस्ती म्हणजे रोग आणि मोकळी हवा म्हणजे आरोग्य, हा विचार डॉक्टरांकडून सुशिक्षितांकडे आणि त्यांच्याकडून सगळ्यांकडे गेला. वकील, डॉक्टर, शाळामास्तर यांना कुसाबाहेर बंगली असावी असे वाटू लागले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याने भारतातला पहिला नगररचना कायदा केला, त्यालाही ही पार्श्वभूमी होती. शहर पसरू द्यावे, पण आखून, रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा ठेवून, असा त्याचा रोख होता.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. धुळ्यात कुमार नगर आणि जळगावात सिंधी कॉलनी वसली. सगळे सोडून आलेल्या माणसांसाठी जागा काढण्याला विरोध करणे कुणालाही शोभले नसते. त्यानंतर नोकरदारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे युग सुरू झाले. धुळ्याने पांझरा ओलांडली. पलीकडच्या काठावरचे देवपूर पूर्वी वेगळे गाव वाटे; ते शाळा-कॉलेजे आणि बंगल्यांचे उपनगर झाले, आणि वाडीभोकर रोड, गोंदूर रोड यांच्या कडेने पसरत राहिले. जळगावात गणेश कॉलनी, महाबळ, रामानंद नगर ही नावे घराघरांत पोचली. जुन्या पेठेतली घरे भावकीत वाटून लहान झाली होती. अशा वेळी तीस बाय पन्नासचा का होईना, स्वतःचा प्लॉट हे मध्यमवर्गीय कुटुंबाचे आयुष्यभराचे उद्दिष्ट बनले. शहराच्या पसरण्याला टीकाकार अनेक नावे ठेवतात. पण ते पसरणे लाखो साध्या माणसांच्या या इच्छेतून झाले आहे, हे विसरून त्याचा इतिहास सांगता येणार नाही.

१९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे बंधनकारक केले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आजची चौकट दिली. वीस वर्षांनी आराखड्याचा फेरविचार करायचा, प्रारूप नकाशा लोकांपुढे ठेवायचा, ‘हरकती व सूचना’ मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मग शासनाची मंजुरी. या नकाशात रहिवासी पट्टा पिवळा आणि शेतीचा हिरवा असतो. म्हणून खानदेशात शेतकऱ्यापासून दलालापर्यंत सगळे ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हेच शब्द वापरतात. हिरव्यातून पिवळ्यात येणे म्हणजे एका रात्रीत जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढणे.

शहराच्या मर्यादेबद्दल लोकांना काय वाटते हे पाहायचे तर हरकतींच्या अर्जांइतका चांगला पुरावा दुसरा नाही. अशा अर्जांचा साचा महाराष्ट्रभर सारखाच आहे. ‘अर्जदाराच्या मालकीच्या गट नंबरावर बगीच्याचे आरक्षण टाकले आहे, शेजारच्या गटावर नाही, अर्जदार अल्पभूधारक आहे, आरक्षण वगळावे.’ ‘आमचा गट शेती विभागात दाखवला आहे, लगतचा रहिवासी; आमचाही रहिवासी करावा.’ सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा. शहर इतके वाढू नये, अमुक बागायत राखावी, ओढ्याचा काठ मोकळा ठेवावा अशी सार्वजनिक हरकत या ढिगात शोधावी लागते. याचा अर्थ लोकांना हिरवाई नको असा नाही. बगीचा सगळ्यांना हवा असतो, पण त्याची किंमत एकट्याच्या जमिनीने का मोजावी, हा प्रत्येकाचा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न खोटा नाही. कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द होण्याचा मार्ग धरू शकतो. नगरपालिकांकडे मोबदल्याचा पैसा नसतो. त्यामुळे नकाशावरची मैदाने आणि बगीचे अनेक ठिकाणी याच कलमाने गळून पडले. फडाच्या थळात तोटा आणि लाभ सगळ्यांत वाटले जात; आराखड्यात एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्याला चिकटलेला असतो. मर्यादेवरचा लोकांचा विश्वास उडाला तो इथे.

काय गेले, ते मेहरूणला जाऊन समजते. जळगावच्या दक्षिणेला तलावाकाठचे हे गाव बोरांसाठी प्रसिद्ध होते. ‘मेहरूण’ ही बोराची जातच फळबागांच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. लांबट, गोड, पातळ सालीची ही बोरे हिवाळ्यात जळगावच्या बाजारात टोपल्यांनी येत आणि रेल्वेने बाहेरगावी जात. मेहरूण आणि पिंप्राळा ही गावे शहराच्या हद्दीत आली, शिवारांत ले-आउट पडले आणि बोरीची झाडे कॉलन्यांना वाट करून देत कमी कमी होत गेली. बोरीचे झाड एकदा लावले की पिढीभर फळ देते आणि पाणी फार मागत नाही. कोरडवाहू खानदेशाला इतके सोयीचे दुसरे फळझाड क्वचितच असेल. ते वाचावे म्हणून शहराने काही केले नाही, हे नोंदवलेच पाहिजे. आसोद्याच्या आणि बामणोदच्या परिसरातील भरताच्या वांग्याला आज भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या केळीलाही आहे. पण मानांकन पिकाच्या नावाला संरक्षण देते, पिकाखालच्या जमिनीला नाही.

प्लॉट कसा पडतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. एका गटाची मोजणी होते. नगररचना कार्यालयातून रेखांकन मंजूर होते. त्यात आतले रस्ते, दहा टक्के खुली जागा आणि उरलेले क्रमांक दिलेले प्लॉट. गरज असेल तिथे बिनशेतीचा आदेश निघतो, हद्दीचे दगड रोवले जातात, मुरूम टाकून रस्ते दाखवले जातात आणि विक्री सुरू होते. हा झाला सरळ मार्ग. यातली खुली जागा कॉलनीच्या मुलांसाठी असते. ती कुठल्या संस्थेला, मंदिराला किंवा सभागृहाला द्यायची यावरून जळगावात आणि धुळ्यात वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. वाढीला मर्यादा घालण्याची सगळ्यात खरी, सगळ्यात मनापासूनची लोकभावना या ‘ओपन स्पेस’च्या भांडणांतच दिसते. सगळे शहर किती पसरावे याबद्दल गप्प राहणारा रहिवासी आपल्या दारासमोरच्या मोकळ्या तुकड्यासाठी नगरपालिकेत चकरा मारतो आणि कोर्टातही जातो.

दुसरा मार्ग गुंठेवारीचा. एकरात चाळीस गुंठे. रेखांकन नाही, बिनशेती नाही, खुली जागा नाही. शेताचे तुकडे पाडून एक-दोन गुंठ्यांनी विकायचे, व्यवहार स्टँप पेपरवर करायचा आणि जमलेच तर सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवायचे. खरेदी करणारे हमाल, गिरणी कामगार, रिक्षावाले, खेड्यातून आलेले शेतमजूर. मंजूर ले-आउटमधला प्लॉट त्यांच्या आवाक्याबाहेर असे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे असे तुकडे करणे बेकायदा ठरवले होते, तरी ते होत राहिले. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतची बांधकामे दंड व विकास शुल्क घेऊन कायदेशीर करण्याची सोय दिली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. सीमा मोडली तरी काही वर्षांनी ती सरकवली जाते, हा धडा यातून सगळ्यांनी घेतला. नियम पाळून महाग प्लॉट घेणाऱ्यावर हा अन्याय होता. गरिबाला नियमात बसणारी स्वस्त जागा कधीच न देणे हा त्याआधीचा आणि मोठा अन्याय होता.

१९९१ मध्ये धुळे २,७८,३१७ आणि जळगाव २,४२,१९३ असे होते. २००१ पर्यंत जळगाव ३,६८,६१८ वर जाऊन धुळ्याच्या पुढे गेले. २००३ मध्ये दोन्ही शहरांच्या महानगरपालिका झाल्या, जळगावची मार्चमध्ये आणि धुळ्याची जूनमध्ये. २०११ ला जळगाव ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९. म्हणजे एकशेदहा वर्षांत जळगाव अठ्ठावीस पट आणि धुळे पंधरा पट वाढले. १९९० मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेपलीकडे बांभोरीला गेले आणि जळगाव शहर महामार्गाच्या कडेने तिकडे ओढले गेले. महामार्ग पूर्वी शहराबाहेरून जात होता. दोन्ही बाजूंना कॉलन्या वाढल्या तसा तो शहराच्या मधोमध आला आणि अपघातांत माणसे मरू लागली. त्यातून समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी केलेले आंदोलन हे या शहरातल्या अलीकडच्या मोठ्या नागरी चळवळींपैकी एक. पसरलेल्या शहरात नीट जगता यावे यासाठीची ती चळवळ होती. मग पाळधी ते तरसोद हा बाह्यवळण रस्ता आखला गेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवारांत जमिनीचे भाव वाढले.

हद्दवाढीचा प्रश्न धुळ्यात जास्त तापला. महापालिकेची हद्द वाढवून वलवाडी, महिंदळे, अवधान, भोकर, चितोड अशी भोवतालची गावे शहरात घेण्याची अधिसूचना २०१८ च्या सुरुवातीला निघाली. गावांनी विरोध केला. त्यांची कारणे स्पष्ट होती. घरपट्टी वाढणार, ग्रामपंचायत जाणार, ग्रामीण योजनांचे लाभ बंद होणार, शेतजमिनींवर आरक्षणे पडणार, आणि बदल्यात पाणी मिळेल याची खात्री नाही. शहराची बाजूही समजण्यासारखी होती. वलवाडीसारख्या गावात राहणारे हजारो लोक रोज धुळ्यातच कामाला, शाळेला, दवाखान्याला येत. त्या वस्त्यांना गटारे आणि रस्ते ग्रामपंचायत देऊ शकत नव्हती. यात विरोधाचा रोख नीट पाहिला पाहिजे. गावांनी घरे बांधणे थांबवा असे म्हटले नाही. बांधकामे तर गावांच्याच शिवारात चालू होती. त्यांना नको होती ती महापालिका. कोल्हापूरने हेच कितीतरी मोठ्या प्रमाणात अनुभवले. तिथे गावांच्या विरोधामुळे हद्दवाढ दशकानुदशके अडली आणि २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण नेमावे लागले.

वाढीलाच विरोध करणारे आंदोलन महाराष्ट्रात झाले ते वसईत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली बागायती, विहिरी आणि पाणथळ जागा वाचवण्यासाठी लढा दिला. तिथे जमीन कसणारा आणि जमिनीवर राहणारा समाज एकच होता आणि चर्चच्या रूपाने त्याला एकत्र येण्याची जागा होती. परदेशात लंडनने १९३८ च्या कायद्याने शहराभोवती हरित पट्टा धरला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखायला लावली. पण त्याच ओरेगनच्या मतदारांनी २००४ मध्ये, नियमांमुळे जमिनीची किंमत घटली तर मालकाला भरपाई द्या किंवा नियम शिथिल करा, असा कौल दिला आणि २००७ मध्ये तो पुन्हा आवरता घेतला. हरित पट्टा सगळ्यांना हवा आणि स्वतःच्या जमिनीवर नको, हे द्वंद्व एकट्या खानदेशाचे नाही. फरक इतकाच, की तिथे ते मतपेटीत मोजले गेले आणि इथे ते कार्यालयाच्या फायलींत राहिले.

खानदेशात शहराला खरी मर्यादा घालणारी गोष्ट पाणीच आहे. धुळ्याने नकाणे आणि डेडरगाव तलावांपासून सुरुवात केली, मग तापीचे पाणी आणले आणि आता पांझरेवरच्या अक्कलपाड्याकडे वळले. जळगाव गिरणेवरून वाघूर धरणाकडे गेले. तरीही धुळ्यातल्या कितीतरी कॉलन्यांनी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. प्रत्येक नव्या ले-आउटमागे एक बोअर खणला जातो आणि शेजारच्या शेतातली विहीर खाली जाते. विहीर आटली की शेती परवडत नाही आणि तेही शेत विक्रीला निघते. कापसाचा पडलेला भाव, शिकून पुण्या-नाशिकला गेलेली मुले आणि वारसांत वाटलेला सातबारा ही कारणे आहेतच. पण शहरालगतचा शेतकरी हौसेने जमीन विकतो असे म्हणणाऱ्याने त्याच्या विहिरीत डोकावून पाहावे.

या शेतजमिनीभोवतीचे कायदेशीर कुंपण गेल्या काही वर्षांत झपाट्याने सैल झाले. विकास आराखड्यातल्या रहिवासी पट्ट्यात वेगळ्या बिनशेती परवानगीची गरज उरली नाही आणि गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतली जमीन रूपांतरित मानण्याची तरतूद आली. नोंदणी विभागाने १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने गुंठ्यांच्या खरेदीखतांची नोंदणी थांबवली, पण मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे अशी खाली आणली गेली. तुकडा नियमित करण्याचे शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या अध्यादेशाने तेही राहिले नाही. १९६५ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत तुकडेबंदी मोडून झालेले रहिवासी पट्ट्यांतले व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याचा निर्णय राज्याने घेतला.